तुम्ही विचारलेत म्हणून: त्र्यंबकजीचा खटला कुठे आहे?

ठाण्यातल्या प्रत्येक वाचक-मेळाव्यात मला विचारले जाते, की बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनावर कादंबरी लिहूनही तुम्ही खटला का दाखवला नाही. दाखवला नाही, कारण तो झालाच नाही. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाहून परतताना शास्त्री मारले गेले, पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशवा दुसऱ्या बाजीरावाकडून त्याच्या मर्जीतला त्र्यंबकजी डेंगळे खुनाचा आरोपी म्हणून मागून घेतला आणि ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या कारागृहात, डांबला. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि कोठडीची किल्ली बाळगणारा एकच होता. १७७३ च्या नारायणरावांच्या खुनाने आपल्याला रामशास्त्र्यांची सवय लावली आहे, त्याला मी काय करू?

अर्थात, हे शहाणपण मला पहिल्यापासून होते असे नाही. पहिल्या खर्ड्यात मी किल्ल्यात कचेरी भरवली होती. साक्षीदार होते, गोरा न्यायाधीश होता आणि रक्ताने माखलेला एक जरीकाठी पटका होता, जो समोर धरताच आरोपीचा चेहरा उतरतो. ते प्रकरण माझे लाडके होते. नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटात मी ते वाचले, तेव्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पटका उचलला कोणी?"

"शास्त्र्यांच्या माणसाने," मी म्हणालो.

"ठाण्याला येईपर्यंत कुणाकडे होता? आषाढातल्या पावसात रक्त राहिले? आणि तो ह्याचाच, हे ओळखले कोणी?"

"काका, १८१५ साली पंचनामा नव्हता," मी चिडून म्हटले.

"पंचनामा नसेल, शंका तर होती? तुमच्या कचेरीत ती एकालाही येत नाही. आणि आरोपीला किती वाक्ये दिलीत, ते मोजा."

मी पाने चाळली. एकच होते: "मला काही सांगायचे नाही." कोणी काही बोलले नाही, आणि मी पुढचे प्रकरण न वाचताच पिशवी उचलली.

कादंबरी म्हणजे न्यायालय नव्हे, असे मी त्या रात्री स्वतःला बजावले आणि आजही बजावतो. तरी ते प्रकरण काढले. त्यामुळे त्र्यंबकजीला झुकते माप मिळाले, ही तक्रार मला खोडता येत नाही, कारण प्रकृतीचे कारण सांगणाऱ्या शास्त्र्यांना त्याने पुन्हा पुन्हा निरोप धाडून देवळात बोलावले, असे इंग्रजी हकिकतीत आहे. पण ती हकिकतही फिर्यादीचीच ना?

शिवाय, सप्टेंबर १८१६ मध्ये तो निसटला, तेव्हा मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने, गोऱ्या पहारेकऱ्यांदेखत मराठी गाण्यातून निरोप पोचवला, ही ऐकीव गोष्ट मी बिनदिक्कत ठेवली आहे. तिचा पुरावा अजून कोणी मागितलेला नाही. काकांना पुस्तक मी स्वतः नेऊन दिले. ते कोणत्या पानापर्यंत आले आहेत, हे विचारण्याचे मी टाळतो.