तित्तराची रीत, कोंबड्यावर

माझ्या आईचे वडील पुरंदर तालुक्यातील आमच्या गावच्या माळावर थंडीच्या दिवसांत तित्तर मारीत असत. १९७२ साली दुष्काळाने माळ उजाड झाला, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि आजोबांची बंदूक भिंतीवर गेली ती कायमची. आज तित्तर मारणे हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मात्र पक्षी साफ करण्याची त्यांची रीत मामांनी गावरान कोंबड्यावर जशीच्या तशी चालू ठेवली आहे, आणि मागच्या रविवारी मी पुण्याहून सासवडमार्गे गावी गेले तेव्हा सुरी प्रथमच माझ्या हाती आली.

कोंबडा कापण्याचे काम मामांनीच केले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. रक्त पूर्ण निथळल्यावर त्यांनी तो पाण्यात बुडविला. पाणी उकळते नसावे, बोट क्षणभरही ठेववणार नाही इतकेच तापलेले असावे, कारण उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून निघते. पंखाचे मोठे पीस ओढून सहज सुटले की पक्षी बाहेर काढायचा. तित्तराला मात्र आजोबा पाणी लावीत नसत. पाव किलोच्या थोडा वर भरणारा तो पक्षी, कातडी पातळ. अंग कोमट असतानाच दोन-दोन, तीन-तीन पिसे चिमटीत धरून कोरडीच उपटावी लागत. छर्रा आत शिरताना पिसे बरोबर ओढून नेतो, म्हणून मांसात पिसांचा बारीक पुंजका दिसला की तेथे सुरीच्या टोकाने शिशाचा छर्रा शोधायचा. एवढे करूनही एखादा राहून जाई आणि आजीच्या ताटात टणकन वाजे.

पिसे काढल्यावर उरलेली लव जाळावर भाजून आम्ही अंगाला हळद चोळली, शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची पिवळी गाठ कापून टाकली आणि मानेची कातडी चिरून गळ्याखालची दाण्याची पिशवी सोडवली. कोंबडा रात्रभर उपाशी ठेवलेला असल्यामुळे ती रिकामी होती. रानातल्या पक्ष्याला कोण उपाशी ठेवणार? तित्तराची पिशवी ज्वारीचे दाणे, गवताचे बी आणि वाळवी यांनी फुगलेली असे, आणि ती फोडून पाहिल्यावर थवा कोणत्या शेतात चरतो ते आजोबा सांगत.

पोट उघडण्याचे काम माझ्याकडे आले. छातीच्या हाडाचे टोक संपते तेथून खाली फक्त कातडी चिरायची असते, सुरी आत जाता कामा नये. "आडवी धर गं, भोसकू नको," असे मामा म्हणेपर्यंत मी आतडे वाचवले होते. पण काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी ओढताना ती माझ्याच नखाने फुटली. मामांनी एक शब्दही न बोलता हिरवा झालेला काळजाचा तुकडा कापून कुत्र्यापुढे टाकला आणि बाकीचे पाण्याखाली धरले. पित्त पसरले तर सगळा रस्सा कडू होतो, म्हणून तेथे काटकसर करायची नसते. छऱ्यांनी आतडी आधीच फुटलेली असत, त्यामुळे आजोबा तित्तराचे पोट माळावरच रिकामे करीत, घरी येईपर्यंत थांबत नसत.

पेठा, म्हणजे पक्ष्याचे जाड मांसल पोट, कडेने चिरला तेव्हा आत वाळू, ज्वारीचा कोंडा आणि हिरव्या बांगडीची एक काच निघाली, घासून घासून कडा गोल झालेली. दात नसलेला पक्षी दाणे दळतो तो अशा खड्यांच्या जोरावर. पेठ्याचे पिवळे अस्तर नखाने उचलले की कागदासारखे एका ओढीत निघते. फुप्फुसे मात्र फासळ्यांच्या खाचांत रुतलेली असतात आणि बोटांनी खरवडल्याशिवाय सुटत नाहीत.

पुण्यात आमच्या गल्लीतल्या दुकानात सत्तूर चालतो आणि प्रत्येक घासात हाडाची कपची येते. माझी ती जुनी तक्रार आहे. मामांनी एकही हाड तोडले नाही. मांडी बाहेरच्या बाजूला वाकवली, खुब्याचा गोळा खळगीतून 'टक्' करून सुटला आणि त्या फटीतून सुरी आपसूक फिरली. पंखाचेही तसेच. छाती पाठीपासून वेगळी करताना मात्र फासळ्यांवरून सुरी दाबून न्यावी लागली. दोन किलोच्या कोंबड्याचे सव्वा किलोच्या आसपास मटण निघाले.

ते लगेच चुलीवर चढवण्याची माझी घाई मामींनी चालू दिली नाही. मेलेल्या पक्ष्याचे स्नायू तासाभरात ताठरतात आणि काही तासांनी पुन्हा सैल पडतात. मधल्या वेळी शिजवलेले मांस चिवट लागते. मटण झाकून दुपारभर गारव्याला ठेवले, संध्याकाळी पाचला चूल पेटली, आणि वर्षभर अंगणात पळालेल्या त्या कोंबड्याने शिजायला पुरते दोन तास घेतले. काळजाचा उरलेला भाग मामांनी माझ्याच ताटात वाढला. तो कडू नव्हता.