उलटा ठसा
आज तातांच्या मागाचं जुनं जेकार्डचं पंचकार्ड (नक्षी विणायला मागाला लावतात ते भोकांचं पुठ्ठ्याचं कार्ड) लिनोवर, म्हणजे ठसा काढायच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलं, भोकं मोजून मोजून. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्या भोकांतूनच येते. खाली ‘पद्मशाली’, आमच्या तेलुगू विणकर समाजाचं नाव, मराठी आणि तेलुगू लिपीत. लिनोवर अक्षर उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. मराठी बरोबर उलटं कोरलं. तेलुगू मात्र मोबाईलवर बघून जसंच्या तसं उतरवलं! पहिला ठसा निघाला, काळी शाई मस्त बसलेली, मी खूश. शेजारच्या मावशी तेलुगू शाळेत शिकलेल्या. बघताच म्हणाल्या, “इदेंदिरा (हे काय रे), उलटं की रे हे!”

घरात जन्मभर तेलुगू बोलतोय, पण शाळा मराठी. मला कळलंच नाही. (लाज वाटली, खोटं कशाला बोलू.) ठसा फाडणार होतो, तर मावशींनीच मागून नेला. आरशासमोर लावणार म्हणे.