वहीतला पाचवा रकाना

'स्टार ट्रेक' या साठच्या दशकातल्या अमेरिकन अंतराळकथांच्या मूळ मालिकेचा पहिला सीझन काल रात्री संपला. २९ भाग झाले, एकूण ७९ आहेत, म्हणजे ५० बाकी. मधे मधे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेच्या जुन्या कथाही चालू आहेत. एक वही भरली, दुसरी सुरू केली, आणि ती सुरू करताना एक रकाना बदलला. आजची नोंद मुख्यतः त्या रकान्याची.

नवीन मंडळींसाठी पद्धत थोडक्यात. भाग प्रक्षेपणाच्या क्रमानं पाहतो, निर्मितीच्या क्रमानं नाही. एका दिवशी एकच. पहिल्यांदा वही मिटून, सलग. दुसऱ्यांदा थांबवत, मागे नेत. पृथ्वीवरच्या एखाद्या समाजाचं म्हणून आणलेलं पात्र दिसलं, किंवा परग्रहवासी असूनही इथल्याच एखाद्या समाजासारखं रंगवलेलं दिसलं, की वहीत एक ओळ. चार रकाने सरळ आहेत: पात्र, नट, पात्राचं मूळ, नटाचं मूळ. पाचवा होता 'रंग'.

हा पाचवा रकाना माझ्या मामाचा. मामा हौशी नाटकमंडळींची रंगभूषा करायचा आणि राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत त्याची पेटी उचलायला मी जायचो. तो म्हणायचा, चेहरा सगळेच रंगवतात, तू कानाच्या मागे बघ, मनगट बघ, मानेची मागची बाजू बघ. हात तिथं आखडला असेल तर पात्र विंगेतच राहिलं समज. ती सवय गेली नाही. साठच्या दशकातली रंगभूषा त्या वेळच्या छोट्या, धूसर पडद्यासाठी केलेली होती. आज स्वच्छ केलेल्या प्रती मोठ्या पडद्यावर लावल्या की रंगाची कड दिसते, घामानं चमकलेली जागा दिसते. सुरुवातीला मी तेच टिपत होतो. किती रंग, कुठे संपला, मूळ कातडी कुठे उघडी पडली.

मग १६ फेब्रुवारी १९६७चा भाग आला, 'स्पेस सीड'.

खान नूनियन सिंग. अंतराळात भरकटलेल्या 'बॉटनी बे' या जहाजावर शतकांच्या झोपेतून उठलेला, जनुकीय निवडीतून घडवलेला हुकूमशहा. १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर त्याची सत्ता होती असं 'एंटरप्राइझ' या नायकांच्या जहाजावरचा अधिकारी स्पॉक सांगतो. त्याला पाहताच 'एंटरप्राइझ'वरची इतिहासकार मार्ला मॅकगिव्हर्स अंदाज बांधते की हा उत्तर भारताकडचा, बहुधा शीख असावा. आणि हा शीख साकारलाय मेक्सिको सिटीत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबाननं. चेहऱ्यावर तपकिरी रंग, दाढी नाही. पगडी आहे ती फक्त मार्लानं काढलेल्या त्याच्या चित्रात. पहिल्या मसुद्यात हा खलनायक उत्तर युरोपीय होता, हॅराल्ड एरिक्सन नावाचा. लिहिता लिहिता तो पंजाबात येऊन पोहोचला.

तरी हा भाग मी तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मोंतालबाननं मला धरून ठेवलं. दवाखान्यातला प्रसंग आठवा. खान शुद्धीवर येतो, भिंतीवरच्या मांडणीतलं शस्त्र काढतो, परत पडून झोपेचं सोंग घेतो आणि डॉक्टर मॅकॉय जवळ येताच त्याचा गळा धरतो. मॅकॉय शांतपणे त्याला सांगतो की डाव्या कानाखालची रक्तवाहिनी कापलीस तर काम लवकर होईल. त्या क्षणी खानच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहा. राग ओसरतो, समोरच्या माणसाबद्दल आदर येतो, आणि हात सैल पडतो. तो रंग त्या हालचालीला काहीच देत नाही. १९८२च्या चित्रपटात हाच नट हीच भूमिका तो रंग न लावता करतो आणि खान तसूभरही कमी होत नाही.

'रंग' या रकान्याचा पाया इथं हलला. नट आणि पात्र एकाच मातीतले हवेत असा हट्ट मला मुळात धरताच येत नाही. ज्या भाषेत बालगंधर्वांच्या शालू नेसण्याच्या गोष्टी आजी नातीला सांगत आली, त्या भाषेत मी वाढलो. सोंग घेणं हेच नटाचं काम. मग 'स्पेस सीड' पाहताना जे खुपतं ते नेमकं काय, हे मला बरेच दिवस शब्दांत पकडता येत नव्हतं.

ते सापडलं क्रमामुळे. वहीत दोन पानं मागे गेलो. २ फेब्रुवारी १९६७, 'कोर्ट मार्शल'. 'एंटरप्राइझ'च्या कॅप्टन कर्कवर खटला चालतो त्या भागात न्यायासनावर बसलेल्यांत एक कॅप्टन चंद्रा आहे. नटाचं नाव रेजिनाल्ड लाल सिंग. पहिल्यांदा पाहताना मी त्याच्यापुढे 'रंग: नाही' एवढंच लिहून पान उलटलं होतं. आता तो भाग परत लावला आणि फक्त त्याच्याकडे पाहत बसलो. गणवेश नीट, पाठ ताठ, नजर साक्षीदाराकडे. आणि तोंडी लक्षात राहील असं एक वाक्य नाही. खटला बोलून चालवतो तो शेजारी बसलेला कमोडोर स्टोन.

म्हणजे त्याच मालिकेत, त्याच महिन्यात, बरोबर १४ दिवसांच्या अंतरानं, भारतीय नावाचं एक पात्र सिंग आडनावाच्या नटाला मिळालं आणि ते बसून राहिलं. दुसरं भारतीय नावाचं पात्र आलं, सबंध भागाचा कणा असलेलं, आणि ते मेक्सिकोच्या माणसाला रंग लावून दिलं गेलं. माणूस मिळत नव्हता असं म्हणायची सोय उरली नाही. माणूस सेटवर येऊन गेला होता.

त्या रात्री 'रंग' खोडला आणि तिथं 'वाक्यं' लिहिलं.

'कोर्ट मार्शल'मधला कमोडोर स्टोन हा नव्या रकान्यातला माझा सर्वांत आवडता माणूस ठरला. भूमिका केली आहे पर्सी रॉड्रिगेझ या माँट्रियलच्या कृष्णवर्णीय नटानं. १९६७ साली अमेरिकन टीव्हीवर एक काळा अधिकारी गोऱ्या नायकाला समोर बसवून जाब विचारतोय, त्याचा हुद्दा वरचा आहे, आणि कथेत कोणी त्या गोष्टीचा उल्लेखसुद्धा करत नाही. 'एंटरप्राइझ'वरच्या उहुरा या कृष्णवर्णीय आणि सुलू या आशियाई अधिकाऱ्याबद्दल आपण सगळे भरपूर बोललो आहोत, ते इथं पुन्हा काढत नाही. स्टोनबद्दल मात्र कमी बोललं जातं. तो भाग काढून पाहा आणि त्याचा आवाज ऐका.

क्लिंगॉन या मालिकेतल्या परग्रहवासी शत्रूंची नोंद वेगळी करावी लागली. २३ मार्च १९६७चा 'एरंड ऑफ मर्सी' हा त्यांचा पहिला भाग. कॅनडाचा जॉन कॉलिकोस कोर या सेनापतीच्या भूमिकेत आहे. ही माणसं परग्रहावरची, त्यामुळे 'पात्राचं मूळ' या रकान्यात पृथ्वीवरचं काहीच यायला नको. पण लांब खाली उतरलेल्या मिशा, वर चढवलेल्या भुवया आणि काळपट तपकिरी कातडी पाहिली की कोणाची आठवण यावी ते ठरवलेलंच होतं. चेंगीझ खानासारखं काहीतरी हवं, ही कल्पना स्वतः कॉलिकोसचीच होती. हे मला खान सिंगपेक्षा जास्त खटकतं. खानला निदान बुद्धी, अभिमान, वाचन दिलंय, जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी आणि कर्क त्याचं कौतुकही करतात. क्लिंगॉनांना त्या चेहऱ्याबरोबर फक्त क्रौर्य दिलं, आणि चेहरा ओळखीचा असल्यानं ते क्रौर्य कोणाच्या नावावर चढलं हे प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. पुढे त्यांच्या कपाळावर कंगोरे आले, तेव्हा ते खऱ्या अर्थानं परग्रहवासी झाले. कॉलिकोस १९९४ साली 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत कोर म्हणूनच परत आला, कंगोऱ्यांसह, म्हातारा आणि प्रेमळ. तो भाग यादीत पुढे आहे, पण राहवलं नाही म्हणून आधीच पाहिला.

आता 'डॉक्टर हू'. इथं नवा रकाना जास्तच उपयोगी पडला.

१९७७ची 'द टॅलन्स ऑफ वेंग-चिआंग', सहा भाग, लेखक रॉबर्ट होम्स. व्हिक्टोरियन लंडन, धुकं, नाट्यगृह, तळघर, गटारातला राक्षसी उंदीर. लेखन म्हणून त्या काळातल्या उत्तम कथांत मी हिला धरतो. आणि मध्यभागी जादूगार ली सेन चांग आहे, इंग्रज नट जॉन बेनेट, पापण्यांवर कृत्रिम पट्ट्या लावून, चेहरा पिवळसर करून. आम्ही सगळे सारखेच दिसतो म्हणे, असं चांग मालिकेच्या नायकाला, म्हणजे डॉक्टरला, ऐकवतो ते वाक्य धारदार आहे. लेखकाला ती जखम कळत होती. मग ते वाक्य पट्ट्या लावलेल्या इंग्रजाच्या तोंडून ऐकताना पोटात कालवतं. कॅनडातल्या टीव्हीओंटारिओ या वाहिनीनं तिथल्या चिनी समाजाशी बोलून ही कथा दाखवायची नाही असं ठरवलं होतं, त्याचं मला नवल वाटत नाही.

आता 'वाक्यं' रकाना. व्हिन्सेंट वाँग, टोनी देन, जॉन वू ही नावं याच कथेच्या श्रेयनामावलीत आहेत. ते चांगचे नोकर आहेत, मारेकरी आहेत, हमाल आहेत. हुकूम घेतात आणि मरतात. हुकूम देतो तो रंगवलेला माणूस. कॅप्टन चंद्राच्या पानाशेजारी हे पान ठेवलं तर अक्षर तेवढं वेगळं, मजकूर तोच.

आणि तेरा वर्षं मागे जाऊन 'मार्को पोलो' घेतली तर चित्र सरळ राहत नाही. १९६४ची ही कथा सात भागांची आणि सातही भागांच्या चित्रफिती नष्ट झाल्या आहेत. उरलाय तो घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर यंत्र ठेवून मुद्रित केलेला आवाज, आणि काही छायाचित्रं. मी ती कानांनी पाहिली. अंधार करून, हेडफोन लावून, रोज रात्री एक भाग. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. 'डॉक्टर हू'ची सर्वांत पहिली कथाही त्यांचीच, तेव्हा वय पंचविशीच्या आत-बाहेर. बीबीसीच्या त्या स्टुडिओत हुकूम देणारा आवाज एका भारतीय तरुणाचा होता. तरी तेगाना हा मंगोल सरदार डेरेन नेस्बिटनं केला, कुब्लाई खान मार्टिन मिलरनं केला, दोघेही गोरे. मात्र पिंग-चो ही चिनी मुलगी केली ब्रह्मदेशात जन्मलेल्या झिनिया मर्टननं, आणि पिंग-चोला भरपूर बोलायला आहे. एका भागात ती एक लांब कथा सांगते. नुसत्या आवाजावर तो प्रसंग उभा राहतो. झिनिया मर्टन पुढे 'स्पेस: १९९९' या मालिकेत सँड्रा बेनेस म्हणून आली, ती ओळख आपल्यापैकी अनेकांना असेल.

आवाजावर ऐकताना एक झालं. मामाचा नियम तिथं चालेना, कान आणि मनगटं दिसतच नव्हती. कुब्लाई खान सांधेदुखीनं कण्हत येतो, डॉक्टरशी सारीपाटासारखा खेळ मांडतो आणि पस्तीस हत्ती हरतो. मिलरचा तो थकलेला, खोडकर आवाज मला मनापासून आवडला. मग छायाचित्र काढून पाहिलं आणि चेहऱ्यावरच्या रंगानं परत दचकलो. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आहेत, एकीनं दुसरी खोडली नाही.

पर्सिस खंबाटांचं पान मात्र मी वहीच्या मधोमध ठेवलंय. मुंबईच्या पारशी घरातली मुलगी, १९६५ची मिस इंडिया. 'स्टार ट्रेक'ची दुसरी टीव्ही मालिका काढायचं ठरलं होतं, 'फेज टू', तिच्यासाठी १९७७ साली त्यांची निवड झाली. ती मालिका झाली नाही, तिचा १९७९ साली चित्रपट झाला, पण इलिया ही भूमिका त्यांच्याकडेच राहिली. डोक्यावरचे सगळे केस उतरवून त्या कॅमेऱ्यासमोर गेल्या. 'पात्राचं मूळ': डेल्टा ग्रह. 'नटाचं मूळ': मुंबई. 'वाक्यं': भरपूर, त्यातही अर्धी एका यंत्राच्या सपाट आवाजात, जे करणं फार कठीण. मी ते पान लिहिताना पेन बदललं, शाईचं घेतलं. भारतातून आलेला खान मेक्सिकोला गेला आणि डेल्टाची इलिया मुंबईला आली, हे एकाच मालिकेच्या पोटात घडलं आहे.

खानचं पान अजून उघडं आहे, कारण भूमिका थांबलेली नाही. २०१३च्या चित्रपटात बेनेडिक्ट कंबरबॅच, म्हणजे इंग्रज नट, रंगही नाही आणि भारतही नाही. २०२३ साली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या 'स्टार ट्रेक' मालिकेत खान लहान मुलगा म्हणून दिसला, आणि या वेळी मुलगा दक्षिण आशियाई चेहऱ्याचा होता. छोटा प्रसंग आहे. मी तो दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वही मांडीवर उघडी होती आणि लिहायचं राहून गेलं.

पुढचं काम: दुसऱ्या सीझनचे २६ भाग, आणि त्यासोबत 'डॉक्टर हू'ची 'द क्रुसेड' ही कथा, १९६५. तिच्या चार भागांपैकी पहिला आणि तिसरा शाबूत आहेत, दुसऱ्या-चौथ्याचा आवाज आहे. सुलतान सलादिन केलाय बर्नार्ड के यांनी. तुमच्यापैकी कोणी या कथेत सलादिनच्या दरबारात मागे उभी असलेली माणसं नावानिशी टिपली असतील तर मला ती यादी हवी आहे. मी पहिला भाग शनिवारी लावणार आहे, आणि या वेळी सुरुवात मागच्या रांगेपासून करणार आहे.