हात सोळा, बर्नर दोन

मित्रमंडळींना घरी जेवायला बोलावणे आणि त्यांना घरी स्वयंपाक करायला बोलावणे, या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात यजमानाचे बहुतेक काम पाहुणे येण्यापूर्वीच संपलेले असते. दुसऱ्या प्रकारात ते पाहुणे आल्यावर सुरू होते आणि त्याचे स्वरूपही बदलते, कारण आता यजमानाने स्वतः रांधायचे नसून इतरांच्या हातांना काम पुरवायचे असते. असे बेत फसतात तेव्हा दोष बहुधा कुणाच्या पाककौशल्याचा नसतो. आठ जण जमतात, घरात चालू असलेले बर्नर दोनच असतात आणि ठरवलेला पदार्थ असा असतो की त्याचे सगळे काम कढईपाशी होते. मग एक जण ढवळतो, उरलेले सात जण त्याला सल्ले देतात आणि थोड्या वेळाने त्यांतले पाच जण बाहेरच्या खोलीत जाऊन गप्पा मारत बसतात.

म्हणून बेत ठरवताना मी चवीच्या आधी एकच हिशेब मांडतो: पदार्थात हाताचे काम किती आणि आचेचे काम किती? एका मोठ्या पातेल्यात शिजणारा रस्सा कितीही रुचकर असला, तरी त्यातले चिरण्याचे काम आठ जणांत दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि त्यानंतर सगळ्यांनी झाकणाकडे पाहत बसायचे असते. याउलट, पारी लाटून, सारण भरून, कडा मिटून मग वाफवायचा, भाजायचा किंवा तळायचा पदार्थ अशा मेळाव्यासाठी उत्तम. माणशी पाच या हिशेबाने आठ जणांसाठी चाळीस नग लागतात. नवशिक्या हाताला एक नग भरून मिटायला साधारण दोन मिनिटे लागतात, म्हणजे एकट्याने करायचे तर ऐंशी मिनिटे आणि चौघांनी करायचे तर वीस. कढईत एका वेळी आठ नग मावत असतील आणि एका घाण्याला चार-पाच मिनिटे लागत असतील, तर मधे तेल पुन्हा तापायला लागणारा वेळ धरून पाच घाणे अर्ध्या तासात निघतात. हातांचा वेग आणि कढईचा वेग असा जुळला, की कुणाला ताटकळावे लागत नाही आणि कुणावर ताणही येत नाही. घाई झाली म्हणून कढईत दाटीने नग सोडण्याचा मोह मात्र टाळावा. तेलाचे तापमान एकदम उतरते, बाहेरचे कवच लवकर धरत नाही आणि पदार्थ तेलकट होतो. भाजण्याच्या तव्यावरही हेच घडते. दाटीमुळे पदार्थांतून सुटलेले पाणी तव्यावरच साचून राहते आणि ते आटेपर्यंत तव्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळते. खमंग तपकिरी रंग चांगला येण्यासाठी ते साधारण १४० अंशांच्या वर जावे लागते.

पाहुण्यांनी सगळे अगदी पहिल्यापासून करावे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले, की त्यातील प्रथिनांचे ग्लूटेनचे जाळे तयार होते आणि ते मळणीने ताणलेले असते. अशी ताजी कणीक लगेच लाटायला घेतली, तर पारी पुन्हा पुन्हा आखडते आणि लाटणाऱ्याला आपल्यालाच काही जमत नाही असे वाटू लागते. अर्धा तास झाकून ठेवली की तीच कणीक सैलावते. त्यामुळे एक गोळा मी पाहुणे येण्यापूर्वीच मळून झाकून ठेवतो आणि दुसऱ्या गोळ्याचे पीठ-पाणी मोजून परातीत तयार ठेवतो. ज्यांना मळण्याची हौस आहे त्यांनी तो मळावा. तो मुरेपर्यंत पहिल्या गोळ्याचे काम चालते. मळण्यासाठी ओट्यापेक्षा जेवणाचे टेबल सोयीचे. ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतो आणि टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे टेबलाशी उभे राहून अंगाचा भार कणकेवर नीट देता येतो. शिवाय मळणारी मंडळी बाहेर गेली की स्वयंपाकघरातली गर्दीही कमी होते.

सारणाच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच सांभाळाव्या लागतात. सारण पूर्ण गार हवे, कारण गरम सारणाची वाफ पारीला आतून ओलसर करते आणि ती भरतानाच फाटते. कच्च्या भाज्यांच्या सारणात मीठ अगदी भरण्यापूर्वी घालावे किंवा मीठ लावून सुटलेले पाणी पिळून काढावे. मिठाने भाजीतले पाणी बाहेर येते आणि मग कडा चिकटत नाहीत. मिठाचा ताबा एकाच व्यक्तीकडे असावा, हा माझ्या घरातला सर्वांत कडक नियम आहे. आठ उत्साही माणसांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर मीठ टाकतो आणि प्रत्येकाला वाटते की आपणच पहिले. चव पाहण्यासाठी दरवेळी वेगळा चमचा घ्यावा, हे सांगायला संकोच वाटत असेल तर चमच्यांचा एक पेलाच कढईशेजारी ठेवावा.

कांदा मात्र मी आधीच चिरून ठेवतो. एकाने चिरला तर एकाचे डोळे चुरचुरतात. चौघांनी मिळून चिरला तर सगळी खोली रडते. कांद्याच्या फुटलेल्या पेशींतून डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. धारदार चाकूने पेशी कमी चेचल्या जातात, त्यामुळे हा त्रास कमी होतो. धारेचा मुद्दा सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोराने दाबलेला चाकू घसरतो. परक्या घरातला चाकू हाती घेणाऱ्याला तो धारदार आहे, एवढे आवर्जून सांगावे आणि चिरण्याच्या पाटीखाली ओले फडके अंथरावे म्हणजे ती हलत नाही. मिरच्या चिरणाऱ्याने नंतर हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, कारण तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. आधी थोडे तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.

निमंत्रण देतानाच प्रत्येकाला अॅलर्जीविषयी विचारावे. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी किंवा गहू यांपैकी कुणाला काही चालत नसेल, तर तो घटक त्या दिवशी घरातूनच बाद करणे हा सोपा मार्ग आहे. अनेक नवख्या हातांच्या स्वयंपाकघरात चमचे, पाट्या आणि तळणीचे तेल वेगळे राखणे जवळजवळ अशक्य असते. स्वच्छतेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मांडलेली पाच सूत्रे पुरेशी आहेत: स्वच्छता राखणे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, नीट शिजवणे, योग्य तापमानाला साठवणे आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित वापरणे. गप्पांच्या ओघात हमखास विसरले जाते ते चौथे. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्यावर राहू नये, आणि मेळाव्यात दोन तास कधी उलटतात ते कळत नाही. सारणात मांस असेल तर ते भरण्याच्या वेळीच थोडे थोडे फ्रिजमधून काढावे.

कढईची जबाबदारी एकाच अनुभवी माणसाकडे द्यावी आणि तिच्याभोवती बाकीच्यांना फिरकू देऊ नये. तेलाने पेट घेतला तर आच बंद करून कढईवर झाकण ठेवायचे असते आणि त्यावर पाणी कधीच ओतायचे नसते, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. ही गोष्ट तळणाऱ्याला आधीच सांगून झाकण त्याच्या हाताशी ठेवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे; बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

राहिला प्रश्न ज्यांना स्वयंपाकात रस नाही अशा मित्रांचा. प्रत्येक मंडळीत असा एखादा असतोच आणि त्याला जबरदस्तीने लाटणे देण्यात काही मजा नाही. भांडी विसळणे, ओटा पुसणे आणि रिकाम्या पाट्या पुन्हा धुऊन देणे हे काम त्याला दिले, तर तो मनापासून करतो, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी सर्वांत उपयोगी माणूस तोच ठरतो. आल्या आल्या सगळ्यांपुढे काहीतरी किरकोळ खायला ठेवावे. भुकेली माणसे दीड तास नाजूक कडा मिटत बसत नाहीत.

बहुतेक वेळा भरलेले नग उरतातच. ते कच्चेच असताना पिठी भुरभुरवलेल्या ताटात एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि पूर्ण कडक झाल्यावरच डब्यात भरावेत, नाहीतर त्यांचा एकच गोळा होतो. निघताना ज्याला हवे त्याला डबा द्यावा, मात्र घर लांब असेल तर नग वाटेत मऊ पडतात आणि चिकटतात, हेही सांगावे. घरी वाफवताना ते वितळू न देता थेट वाफेत ठेवायचे आणि नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटे जास्त द्यायची.