तुम्ही विचारलंत म्हणून: 'सगळे गेले, तुम्ही कशा राहिलात?'

हा प्रश्न मला वाईच्या मंडईत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. जुन्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दर मे महिन्यात, क्वार्टर्स रिकाम्या करून टेम्पो भरायच्या दिवसांत, कुणीतरी हमखास विचारतं. 'का राहिलात' नाही हं, 'कशा राहिलात'. त्या 'कशा'मध्ये काय भरलंय ते कळण्याइतकं मराठी मला येतं.

२०२२-२३ मध्ये आमच्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. अकरावी-बारावीचं आयएससी बोर्ड गेलं, त्याजागी आयबी डिप्लोमा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आला, खालच्या वर्गांना केंब्रिजचं आयजीसीएसई आलं. नवे प्रिन्सिपॉल, नवे कोऑर्डिनेटर. नऊ जण गेले. मराठीच्या बाई राहिल्या त्या २०२० च्या कायद्याच्या कृपेने. राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची झाली नसती, तर त्यांचंही सामान टेम्पोत चढलं असतं. पण त्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही. मला विचारतात, कारण फॉर्म मी भरला होता.

तर फॉर्मचं सांगते.

मी २००७ साली पाचगणीला आले तेव्हा सर तिथे अकरा वर्षं गणित शिकवत होते. फळ्याकडे पाठ किती वेळ ठेवायची, वर्गात सगळ्यात हुशार पोराकडे का बघायचं नाही, हे मी बी.एड.ला नाही, त्यांच्या वर्गात मागे बसून शिकले. रात्रीच्या प्रेपला, म्हणजे अभ्यासाच्या तासाला, कुणी पेंगलं तर ओरडायचं नाही, बोटांत खडू फिरवत त्याच्या बाकाशी जाऊन नुसतं उभं राहायचं. हेही त्यांचंच.

जानेवारी २०२३. आमच्या विभागात नव्या अभ्यासक्रमाचं ट्रेनिंग झालेली मी एकटी, म्हणून कोऑर्डिनेटरनी माझ्या हातात फॉर्म दिला. एकमेकांचे तास बघायचे, मोकळेपणाने लिहायचं, याचा नोकरीशी काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. मी विश्वास ठेवला. निदान आजवर सगळ्यांना असंच सांगत आले. खरं म्हणजे विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. 'लीड' म्हणून माझं नाव नोटीस बोर्डावर लागलं होतं, त्याचा आनंद होता. झाला होता आनंद, काय करू.

अकरावीचा सकाळचा पहिला तास. थंडी इतकी की खिडक्या बंद, काचांवर वाफ धरलेली. सर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा एका बिंदूपाशी असलेला उतार, मुळापासून काढून दाखवत होते: एच हे छोटंसं अंतर घ्यायचं, त्याने भागायचं, शेवटी ते शून्याकडे न्यायचं. नेहमीसारखंच, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात आणि मध्ये एकदाही डस्टर नाही. पंचविसाव्या मिनिटाला एका मुलाने हात वर केला. एचने भागताना तो शून्य नाही असं म्हणालात, मग शेवटी शून्य कसा घातलात?

गणित शिकवणाऱ्यांनो, असा प्रश्न वर्षातून किती वेळा येतो ते आठवा. न्यूटनच्या पद्धतीवर बिशप बर्कलीने १७३४ साली हीच हरकत घेतली होती.

सर म्हणाले, "आधी हे संपू दे."

मी लिहिलं, 'विद्यार्थ्याचा प्रश्न टाळला.' घड्याळ लावून मोजलं होतं: ४० मिनिटांत मुलं बोलली ३ मिनिटं. टक्केवारीच्या रकान्यात ८ घातले. बेल झाली. मी पेनाला टोपण लावलं.

आणि मग सरांनी त्या मुलाला खिडकीपाशी बोलावलं. वाफ धरलेल्या काचेवर बोटाने एचची किंमत लिहिली, ०.१. खाली ०.०१. खाली ०.००१. प्रत्येकाच्या पुढे तो उतार किती येतो ते त्याच्याकडूनच काढून घेतलं. जाता जाता आणखी दोघंतिघं थांबली. एकीने स्वतःच पुढची काच घेतली. चहाची सुट्टी संपेपर्यंत चाललं होतं ते. 'टीचर-सेंटर्ड'च्या रकान्यात मी टिक केलेला तोच माणूस काचेपासून दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, गप्प उभा होता.

हे मी लिहिलं नाही. फॉर्म बेलपाशी संपत होता. 'तासानंतर' असा रकाना नव्हता. आता म्हणाल, कागदाला मागची बाजू असते. असते. तेव्हा सुचलं नाही असं मी दोन वर्षं म्हणत होते. सुचलं होतं. पण मागे लिहिलं तर आपण सरांची बाजू घेतोय असं दिसेल, आणि लीडने बाजू घ्यायची नसते, एवढा पोक्त विचार मी दोन मिनिटांत करून मोकळी झाले होते.

फॉर्म सहीसाठी त्यांच्याकडे गेला तेव्हा मी समोरच होते. त्यांनी तो सावकाश वाचला. खिशातलं लाल पेन काढून ८ खोडले आणि वर ७.५ लिहिलं. "तीन भागिले चाळीस. गणित शिकवता ना मॅडम?" मग सही केली.

मार्चमध्ये त्यांचा करार वाढवला नाही. सत्तावीस वर्षं. आणि बोर्डिंगमध्ये नोकरी जाते म्हणजे घरही जातं, हे बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही.

माझ्या एका फॉर्मने कुणाची नोकरी जात नाही. हे मी अजूनही म्हणते. पगाराचा हिशोब होता, वयाचा होता, दोन वर्षांच्या कराराने परदेशातून माणसं आणायची होती (त्यांतली एक पहिल्याच पावसाळ्यात परत गेली, आमचा पाऊस माणसाला तसा मुलाखतीत कळत नाही). फॉर्म नसता तर दुसरं काही सापडलं असतं. असतंच. पण सापडला तो माझाच.

आणि नवा अभ्यासक्रम वाईट आहे असं माझ्याकडून वदवून घ्यायचं असेल तर ते जमणार नाही. ग्रुपवर सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. गणिताचं एक्सप्लोरेशन, म्हणजे स्वतः विषय निवडून करायचा बारा ते वीस पानांचा प्रकल्प, एकूण गुणांत २० टक्के धरतात. एका मुलीने त्यात पसरणी घाटातली वळणं घेतली. उपग्रहाच्या नकाशावरून त्रिज्या काढल्या, कुठल्या वळणावर एसटी किती वेगाने सुरक्षित जाईल ते मांडलं. चाचणीत चाळिशी न गाठणारी मुलगी ती, स्टाफरूममध्ये येऊन माझ्याशी घर्षणावरून भांडली. सरांच्या पद्धतीत ती शेवटच्या बाकावर गप्पच राहिली असती. हे सरांनाही मान्य होईल असं मी धरून चालते. विचारलेलं नाही.

मग कशी राहिले? स्टाफच्या मुलांना फीमाफी असते आणि माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. स्ट्रॉबेरीच्या दोन वाफ्यांवर अवकाळी पाऊस पडला की नवऱ्याचं वर्ष संपतं. 'नवीन शिकायला मिळालं म्हणून राहिले' असं मी पूर्वी सांगायचे. तेही खोटं नाही, फक्त दुसऱ्या नंबरवर आहे.

मुलगी आता अकरावीत आहे. रविवारी घाट उतरून वाईला सरांकडे जाते. तिनेच ठरवलं, मला नुसतं सांगितलं. मी तिला सोडते आणि स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच लावते. फीचं पाकीट दोनदा दिलं, दोन्ही वेळा तिच्या वहीतून परत आलं. दुसऱ्यांदा पाकिटाच्या मागे लाल शाईत काहीतरी लिहिलेलं दिसलं. घाटात स्कूटर कडेला घेऊन बघितलं. मुलीने एक उदाहरण करून पाहिलं होतं, तेही अर्धवट.