सी-प्लेन धक्क्याला लावायला शिकलो, त्याचा अनुभव

सिम्युलेटरमध्ये फ्लोटवालं (चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पोकळ तराफे असलेलं) विमान घेतलं तेव्हा उडवणं पटकन जमलं, हवेत ते बाकी विमानांसारखंच वागतं, जरा जड एवढंच. खरं शिकणं पाण्यावर टेकल्यावर सुरू झालं. ब्रेक नाहीतच. पिस्टन इंजिन आयडलला (सगळ्यात कमी पॉवरवर) असलं तरी प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, ओढत राहतो, म्हणजे इंजिन चालू आहे तोवर विमान कुठेतरी निघालेलंच असतं, आणि बंद केलं की वारा घेऊन जातो. हे डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचत जातं.

आधी कंट्रोल सेटिंग. वॉटर रडर म्हणजे फ्लोटच्या मागच्या टोकाची छोटी सुकाणं, पेडलनेच फिरतात पण वर उचलून घेता येतात, त्याला मी हाताशी असलेलं एक बटण दिलं. हळू चालताना खाली, टेकऑफ-लँडिंगला वर. ऑटो-रडर (सिम्युलेटर स्वतःच पेडल सांभाळतो ती सोय) बंद केलं, कारण पाय स्वतः शिकले पाहिजेत.

सरावाला अलास्कातलं लेक हूड घेतलं, तिथे खऱ्या आयुष्यात सी-प्लेनची प्रचंड वर्दळ असते आणि शेजारच्या लेक स्पेनार्डला जोडणारा कालवा आहे, त्यामुळे सरळ रेषेत चालवायची छान सवय होते. वारा शून्य ठेवला, स्टिक पूर्ण मागे (नाक वर राहतं, प्रॉपवर पाणी कमी उडतं), पॉवर आयडल, आणि नुसतं पेडलने वळणं. वळण सुरू व्हायला वेळ लागतो आणि सुरू झालं की थांबायलाही लागतो, म्हणून नाक हवं तिथे पोचायच्या आधीच उलटा पाय द्यायचा.

मग वारा दहा नॉट केला आणि सगळा खेळच बदलला! शेपटीकडचा भाग मोठा असल्याने वारा शेपूट मागे ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं, वाऱ्याकडे पाठ करून जायचं म्हटलं तर वॉटर रडर कमी पडतात. तिथे थोडी पॉवर देऊन नाक वर उचलायचं, मग फ्लोटचा मागचा भाग पाण्यात दबतो, विमान ज्या बिंदूभोवती फिरतं तो मागे सरकतो आणि वळण मिळतं. डावीकडे हे सोपं जातं कारण पॉवर दिली की विमान तसंही डावीकडे ओढतं. जोरात स्टेपवर (म्हणजे फ्लोट पाण्यात न बुडता पृष्ठभागावरून घसरत) पळताना मात्र वाऱ्याच्या दिशेने जात असताना वाऱ्याकडे वळू नका, वळणाचा बाहेर फेकणारा जोर आणि वारा एकाच बाजूला ढकलतात, विमान कलंडू शकतं.

वेग कमी करायचं म्हणाल तर लँडिंगनंतर पॉवर काढली की विमान स्टेपवरून खाली बसतं आणि पाणी जोरात ओढून धरतं, वेग भराभर उतरतो. पण वेग कमी झाला की पाण्याचा विरोधही कमी होतो, म्हणून शेवटचे चार-पाच नॉट काही केल्या जात नाहीत. माझ्या मते सगळं कौशल्य इथेच आहे. धक्क्याकडे शक्यतो वाऱ्याला तोंड करून जायचं म्हणजे वाराच ब्रेकचं काम करतो, आणि धक्का बराच लांब असताना मिक्श्चर (इंजिनाला मिळणारं इंधन कमी-जास्त करणारा दांडा) ओढून इंजिन बंद करायचं, विमान उरलेल्या वेगावर सरकत जातं. किती लांब ते वाऱ्यावर आणि विमानाच्या वजनावर ठरतं, हे हाताला सरावानेच कळतं.

इंजिन बंद असताना वाऱ्यावर मागे मागे जाणं मला सगळ्यात आवडलं, शिडाची होडी उलटी चालवल्यासारखं. वॉटर रडर वर घ्यायचे. शेपूट जिकडे, तिकडे विमान. मागे डावीकडे जायचंय? उजवा पाय पूर्ण आणि स्टिक डावीकडे. मागे उजवीकडे जायचं तर बरोबर उलट. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली सोडले की वारा जास्त धरतो आणि विमान जरा लवकर सरकतं. अरुंद जागेत, जिथे वळायलाच वाव नाही, तिथे हे फार कामाला येतं.

आता ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं विमान घेतलंय. दोन्हींची पॉवर कमी-जास्त करून वळवता येतं, शिवाय प्रॉप रिव्हर्सला जातात (उलटा, मागे ढकलणारा जोर देतात) म्हणजे खरोखर थांबता येतं. तरी धक्क्याजवळ मी एका वेळी थोडंच रिव्हर्स देतो, दोन्ही बाजू एकसारख्या ओढल्या नाहीत तर नाक लगेच फिरतं.