तुम्ही विचारलंत म्हणून: रंग कुठला वापरलात?

आमच्याकडचं बाहुलीघर बघायला आलेला माणूस आधी वाकून आत डोकावतो. चूल बघतो, जातं बघतो, करंगळीच्या नखाएवढ्या समईचं कौतुक करतो. मग कंबर धरून सरळ उभा राहतो आणि बाहेरच्या भिंतीवरून बोट फिरवत विचारतो, "हा रंग कुठला वापरलात हो?" बोट फिरवू नका असं मी म्हणेपर्यंत फिरवून झालेलं असतं.

विचारणाऱ्याला हवा असतो शेड नंबर. फोनमध्ये टिपून घ्यायचा, दुकानात दाखवायचा, डबा आणायचा. मी आजवर "साधंच डिस्टेंपर" असं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण त्याने कोणाचं काम होत नाही. भिंतीवर डिस्टेंपर आहे तसा गेरू आहे, रांगोळी आहे, अंड्यांचा ट्रे आहे, आणि एका ठिकाणी चक्क खोबरेल तेल आहे.

घर माझ्या माहेरचं, राजापूर तालुक्यातलं. म्हणजे त्याची नक्कल. माप बाराला एक. खऱ्या घराचा एक फूट तो इथला एक इंच. बाहुलीघरं करणारे जगभर बहुधा हेच माप धरतात, आणि आपले सुतार-गवंडी अजून फूट-इंचातच बोलत असल्याने मलाही ते सोयीचं पडलं. लांबी सव्वीस इंच. खरं घर याहून मोठं आहे, पण डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं टेबल तेवढंच, म्हणून मागचे दोन खण गाळले. केलं नातीसाठी. तिला गुलाबी घर हवं होतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाहुलीघराच्या बाहेरच्या अंगाकडे फारसं कोणी बघत नाही. आमच्या लहानपणी भातुकली होती, पण तिला घर नव्हतं. पडवीचा कोपरा किंवा बाजेखालची जागा हेच घर. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं फार प्रसिद्ध बाहुलीघर आहे. बाहेरून ते घर नाहीच, कासवाच्या कवचाचं जडावकाम केलेलं कपाट आहे. सगळी मौज आत. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ मध्ये पुरं झालेलं, विंडसर किल्ल्यातलं बाहुलीघर मात्र चारी अंगांनी घरासारखं घर आहे. नवी दिल्लीचे आराखडे करणाऱ्या लट्येन्स यांचंच ते काम. आतलं बघायचं तर बाहेरचं अख्खं कवच विजेच्या मोटरने वर उचललं जातं, अशी सोय त्यांनी केली. आमच्याकडे मोटर नाही. दर्शनी भिंत बिजागऱ्यांवर दारासारखी उघडते, आणि तिनेच मला पहिला दणका दिला.

सहा मिलिमीटर प्लायची ती भिंत. बाहेरून प्रायमर दिला, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा प्रायमर, वर रंगाचे दोन हात. आतून काहीच नाही. तिथे मागाहून कागद चिकटवायचा होता. जूनमध्ये पाऊस लागला आणि भिंत धनुष्यासारखी वाकली. रंगवलेली बाजू बंदिस्त आणि कोरी बाजू हवेतली ओल पिऊन फुगलेली. वाकेल नाही तर काय करेल? ती फेकून दुसरी कापली. तेव्हापासून जेवढे हात बाहेरून तेवढेच आतून, आणि लागोपाठ. रंगकाम पावसाळ्यात काढत नाही हेही तेव्हाच ठरलं. त्या दमट हवेत स्पिरिटचं पॉलिशसुद्धा पांढुरकं पडतं. दिवाळी झाली की डबे उघडायचे, होळीच्या आत मिटायचे.

दुसरी फजिती हौसेची. खऱ्या घराला चुना, मग आपणही चुनाच लावू म्हणून मी रीतसर चुना भिजवला, फडक्यातून गाळला, आई घालायची तशी त्यात निळीची चिमूट टाकली. हात मारला तेव्हा काय सुरेख दिसला! वाळल्यावर बोट लावलं तर बोटाला पीठ. चुना गिलाव्यात मुरतो आणि मग हवा खाऊन दगडासारखा होतो. प्रायमर दिलेल्या प्लायवर त्याला धरायला काहीच नसतं. सगळा खरवडून काढला.

पण तीन रविवार त्यात गेले ते अगदीच वाया गेले नाहीत, कारण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. खरी वस्तू लहान घरावर खरी दिसतेच असं नाही. वाळूचंच बघा. एक मिलिमीटरचा वाळूचा कण या मापात बारा मिलिमीटरचा होतो, म्हणजे गिलाव्यात कोणी खडी ओतल्यासारखं दिसतं. ब्रशच्या केसाची बारीक रेघही खऱ्या भिंतीवर ठळक ओरखडा ठरेल. मग गिलाव्याला घालायचं काय? रांगोळी. दारात काढायची पांढरी रांगोळी मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करून पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये कालवली. ब्रशने फासायची नाही, ओल्या स्पंजने थापटत जायचं. वाळल्यावर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात. चुन्याचा गिलावा हुबेहूब. त्यात निळीचा एक थेंब घातला, तेवढा आईचा मान ठेवला.

आणि माप नुसतं कणाला नसतं, रंगालाही असतं. गावाहून मी चिऱ्याची, म्हणजे घडवलेल्या जांभा दगडाची, कपची आणली होती. जांभा म्हणजे काय रंग असतो ते तिकडच्या माणसाला सांगायला नको: विटकरी, गंजासारखा, मध्येच हळदीचे आणि जांभळे ठिपके. त्या कपचीशी ताडून ताडून मी रंग जुळवला. डब्यात दोन्ही शेजारी धरले तर फरक ओळखू येऊ नये इतका. घरावर लावला आणि घर काळवंडलं, जड झालं, खेळण्यातलं दिसायला लागलं. घर आपण लांबून बघतो. मध्ये हवा असते, उन्हाची तिरीप असते, धूळ असते, आणि त्यातून रंग थोडा विटूनच डोळ्यापर्यंत पोचतो. टेबलावरचं घर हातभरावर असतं, तेव्हा ते विटणं आपणच कालवायला लागतं. मी पाच चमचे रंगाला एक चमचा पांढरा घालते. कौलांना थोडा कमी. आणि चकाकी कुठेही नको. ऑइल पेंटची झळाळी या मापात रेनकोटासारखी दिसते, मग रंग कितीही जुळलेला असो. शेवटचा वॉर्निशचा हातसुद्धा मॅटच.

चिरे कशाचे, हाही प्रश्न येतो. अंड्यांच्या ट्रेचे. तो राखी, खरबरीत पुठ्ठा आधीच भोकाभोकांचा असतो, जांभ्यासारखा. खरा चिरा दर्शनी बाजूने साधारण चौदा इंच बाय सात इंच धरला तर इथे तीस मिलिमीटर बाय पंधरा. कात्रीने तुकडे कापायचे, कडा नखाने चुरडायच्या, फेविकॉलने सांधेमोड करत, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता, चिकटवायचे. जोतं आणि मागची भिंत एवढ्यालाच चारशेच्या आसपास लागले. (शेजाऱ्यांनी महिनाभर ट्रे जमवून दिले. आम्ही अंडी खात नाही, त्यामुळे आमच्या दारात ट्रेची चळत बघून वर बऱ्याच चर्चा झाल्या.) रंगवण्याआधी पातळ फेविकॉलचा एक हात हवाच. नाही तर पुठ्ठा रंगातलं पाणी पिऊन फुगतो आणि चिरे उशांसारखे दिसतात. मग आधी गडद तपकिरी, फटीबिटींत जाईल असा. वाळला की विटकरी रंग घेऊन ब्रश फडक्यावर इतका पुसायचा की पुसून संपला असं वाटावं, आणि त्या कोरड्या ब्रशने नुसते उंचवटे कुरवाळायचे. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, गेरू कालवलेल्या लांबीने भरल्या. टूथपिक आणि सहनशक्ती.

कौलं मंगळुरी. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि पुढे ती किनाऱ्याने वर आमच्यापर्यंत आली. खरं कौल सोळा इंच लांब, इथे चौतीस मिलिमीटर. मातीचा एक नमुना केला, त्यावरून साचा, आणि साच्यातून साडेसातशेच्या वर कौलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सांगायलाही कंटाळवाणं आहे. रंगाचं एवढंच सांगते की अख्खं छप्पर बसवून वरून रंग मारू नका. आधी सुट्या कौलांचे तीन ढीग करा: मोठा ढीग नेहमीच्या कौलाच्या रंगाचा, एक जरा करपलेला, एक छोटासा फिकट नारिंगी, म्हणजे माकडांनी फोडली म्हणून मागाहून बदललेली. मग डोळे मिटून उचलत बसवत जायचं.

इतकं झाल्यावर घर नवंकोरं दिसतं. कालच वास्तुशांत झाल्यासारखं. बहुतेकजण इथे थांबतात, किंवा त्याला जुनं करायचं म्हणून काळं पाणी करून सगळीकडून सारखं माखतात. माखलेलं घर मळकं दिसतं, जुनं नाही. जुनं व्हायला पाऊस लागतो, आणि पाऊस सगळीकडून सारखा पडत नाही.

म्हणून इथून पुढे मी रंगाचा विचार सोडते आणि पाऊस कुठून येतो त्याचा विचार करते. आमच्या घराचं तोंड पूर्वेला. झड येते नैर्ऋत्येकडून. तेव्हा मागची भिंत आणि दक्षिणेची बाजू काळी. आधी शेवाळ हिरवं, ते उन्हाळ्यात वाळून काळं, त्यावर पुन्हा हिरवं. चहाच्या पाण्याइतका पातळ काळा-हिरवा रंग, वरून खाली, आणि फडक्याने टिपायचा तोही वरून खालीच. वळचणीखालचा हातभर पट्टा कोरडा राहतो, तिथे चुना पांढरा ठेवायचा. पागोळ्या पडतात तिथून अंगणातली तांबडी माती उडते आणि जोत्यावर फूट-दीड फूट डाग धरते, म्हणजे इथे इंच-दीड इंच. तो मी जुन्या टूथब्रशवर गेरूचं पाणी घेऊन अंगठ्याने शिंतडला, खालून वर, चिखल उडतो तसा. पडवीच्या ज्या बाजूला पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांचे झाप लावायचे तिथली भिंत स्वच्छ, झाप संपले की लगेच काळी सुरुवात. ती सरळ रेघ बघून एका गावकऱ्याने "झाप काढलेत वाटतं" असं विचारलं. मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

स्वयंपाकघरावरच्या कौलांना धूर. खिडकीच्या गजांच्या बुडाशी गंजाचा एकेक ओघळ. आणि पडवीत झोपाळ्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून तीन इंचांवर, एक तेलकट गोल डाग. तिथे आजोबा टेकून बसायचे. तो डाग मी चार रंगांनी करून पाहिला, जमेना. शेवटी कापसाने खऱ्या खोबरेल तेलाचा ठिपका दिला. खरी वस्तू लहान घरावर चालत नाही असं मघाशी मीच म्हटलं होतं, पण तेल तेवढं चाललं.

खिडक्या सुट्या रंगवून मागाहून बसवल्या, निळ्या. फोटो पाठवला तर गावाहून भावाचा फोन. "ताई, घर झकास, पण खिडक्या हिरव्या होत्या." मी म्हटलं निळ्या. तो म्हणाला हिरव्या. तो माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा, मला अक्कल शिकवतोय. आता गावच्या घराच्या खिडक्या तपकिरी आहेत, त्यामुळे नुसतं बघून निकाल लागेना. दोन दिवसांनी त्याने पश्चिमेच्या खिडकीची कड कोयत्याच्या टोकाने खरवडली. तपकिरीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा.

मी सगळ्या खिडक्या काढून पुन्हा रंगवल्या. निळा दिला, वाळल्यावर कडांना मेणबत्ती घासली, वर हिरवा, पुन्हा मेणबत्ती, वर तपकिरी. मेण असतं तिथे रंग धरत नाही. जाड फडक्याने घासलं की कडांना खालचे रंग डोकावतात, जिथे हात लागतो, कडी आपटते तिथेच. नात शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "निळ्याच्या खाली काय आहे?" मी म्हटलं, लाकूड. ती काही बोलली नाही. मग मी एक खिडकी बाजूला काढली आणि निळ्याच्या आधी तिला गुलाबी दिला.

ती आली की हल्ली चपला काढायच्या आधी त्या खिडकीपाशी जाते आणि गुलाबी दिसायला लागला का ते नखाने बघते. बाकीच्या खिडक्यांची झीज मी केलेली आहे. तिची नाही.